जिवाणूचे नाव कोणाला विचारावे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जिवाणूंची नावे आणि त्यांचे वर्गीकरण या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरांत 'प्रजाती' हा शब्द नावातील पहिल्या पदासाठी आणि 'जाती' हा दोन्ही पदे मिळून होणाऱ्या गटासाठी वापरला आहे, 'इ. कोलाय' या नावात एस्चेरिचिया ही प्रजाती आणि एस्चेरिचिया कोलाय ही जाती होय.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. उसाच्या मुळांलगतच्या मातीतून मी एक जिवाणू वेगळा केला. १६एस जनुकावरून तो 'स्यूडोमोनास पुटिडा' ठरला. पुढे त्याचा संपूर्ण जनुकसंच (जीनोम) वाचून घेतला, तेव्हा जीटीडीबी या डेटाबेसने त्याला 'स्यूडोमोनास_ई एसपी' आणि त्यापुढे नऊ आकडे असे नाव दिले, टीवायजीएसने 'नवी जाती असण्याची शक्यता' सांगितली आणि एनसीबीआयवर सर्वांत जवळचा जुळणारा जनुकसंच पुन्हा पुटिडाच्याच नावाचा निघाला. प्रबंधात मी कोणते नाव लिहावे? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : ही उत्तरे परस्परविरोधी वाटत असली, तरी आपण प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रश्न विचारला होता. ते वेगळेपण लक्षात घेतले की प्रबंधातले वाक्य कसे लिहायचे हे आपोआप ठरते.

१६एस आरआरएनए जनुकापासून सुरुवात करू; पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग या जनुकातून घडतो. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली या रेणूच्या तुलनेवरून आर्किया हा जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या वंशाच्या सूक्ष्मजीवांचा स्वतंत्र गट ओळखला आणि तेव्हापासून जिवाणूंची नाती शोधण्याचे ते मुख्य साधन झाले. हे जनुक डीएनएच्या सुमारे १,५०० अक्षरांचे आहे आणि उत्क्रांतीच्या ओघात फार सावकाश बदलते. त्यामुळे दूरची नाती त्यातून चांगली कळतात, पण जवळच्या नात्यांत ते मुके होते. जुळणी ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर जाती वेगळी आहे असे बहुधा म्हणता येते. त्याच्या वर असेल तर जाती एकच आहे असे मात्र म्हणता येत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत सर्वाधिक घोटाळा याच ठिकाणी होतो. स्यूडोमोनासमध्ये तर ९९ टक्क्यांहून अधिक जुळणाऱ्या कितीतरी जाती शेजारी शेजारी नांदतात.

संपूर्ण जनुकसंचाची तुलना या अडचणीवर उपाय करते. आपल्या जिवाणूचा जनुकसंच सुमारे साठ लाख अक्षरांचा असेल. दोन जनुकसंचांतील परस्परांशी जुळणारे भाग समोरासमोर ठेवून त्यांतील साम्याची सरासरी काढली की जे टक्के मिळतात, त्यांना एएनआय म्हणतात. ही सरासरी ९५ ते ९६ टक्क्यांच्या वर असेल तर दोन्ही जिवाणू एका जातीचे, असा आजचा सर्वसाधारण संकेत आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. पूर्वी दोन जिवाणूंचा डीएनए परीक्षानळीत एकमेकांशी जोडून पाहत आणि ७० टक्के जोडणी ही जातीची सीमा मानत. १९८७ साली तज्ज्ञांच्या समितीने ती शिफारस केली होती. कोस्टास कोन्स्टँटिनिडिस आणि जेम्स टीजे यांनी २००५ च्या सुमारास ही सीमा एएनआयच्या भाषेत आणली. पुढे २०१८ साली फास्टएएनआय या साधनाने सुमारे ९०,००० जनुकसंच एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा ८३ ते ९५ टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात फारच थोड्या जोड्या सापडल्या. म्हणजे बहुतेक जिवाणू एक तर ९५ च्या वर एकमेकांजवळ असतात किंवा बरेच दूर. हे साधन लिहिणारे चिराग जैन पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापक झाले, हे आपल्या विभागातील मित्रमैत्रिणींना सांगण्यासारखे आहे.

आता आपल्याला मिळालेली उत्तरे पाहू. जीटीडीबी, म्हणजे जीनोम टॅक्सॉनॉमी डेटाबेस, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात फिलिप ह्यूगेनहोल्ट्झ, डॉनोव्हन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारला. जवळजवळ सर्व जिवाणूंत एकेकच प्रत असणारी १२० प्रथिने निवडून त्यांवरून एक मोठा वंशवृक्ष रचायचा आणि वर्गीकरण त्या वृक्षावरून ठरवायचे, ही त्याची पद्धत आहे. कुल, गण, वर्ग हे स्तर पूर्वी प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या अंदाजाने ठरवत असे. परिणामी एका ठिकाणची प्रजाती दुसऱ्या ठिकाणच्या कुलाइतकी जुनी निघे. जीटीडीबीने वृक्षावरील सापेक्ष अंतर मोजून हे स्तर एका मापात आणले. २०१८ साली ही मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तपासलेल्या ९४,७५९ जनुकसंचांपैकी ५८ टक्क्यांच्या वर्गीकरणात काही ना काही बदल करावा लागला.

त्या मापाने पाहिले तर स्यूडोमोनास ही प्रजाती फारच विस्तीर्ण ठरते. वर्गीकरणाच्या नियमानुसार मूळ नाव त्या शाखेकडे राहते, जिच्यात प्रजातीची आदर्श जाती, म्हणजे प्रजातीचे नाव जिला बांधलेले असते ती जाती, आहे; येथे ती स्यूडोमोनास एरुजिनोसा. पुटिडा, फ्लुओरेसन्स वगैरे ज्या शाखेत येतात तिला अजून विधिवत वेगळे नाव मिळालेले नाही, म्हणून जीटीडीबी तिला तात्पुरते 'स्यूडोमोनास_ई' म्हणते. 'एसपी' म्हणजे जाती; त्यापुढचे आकडे हे त्या जातिसमूहाचा, म्हणजे एकाच जातीत मोडणाऱ्या जनुकसंचांच्या गटाचा, प्रतिनिधी म्हणून निवडलेल्या जनुकसंचाच्या नोंदणी क्रमांकातून घेतलेले असतात. याचा अर्थ असा, की आपल्या जिवाणूसारखा जनुकसंच कोणीतरी यापूर्वी जमा केला आहे, पण त्या जातीचे नामकरण झालेले नाही.

टीवायजीएस हे जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील डीएसएमझेड या संस्थेचे संकेतस्थळ २०१९ पासून उपलब्ध आहे. ते आपल्या जिवाणूची तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी करते. टाइप स्ट्रेन म्हणजे जातीचे नाव ज्याला कायमचे बांधलेले असते तो संग्रहातील जिवंत वाण. जुन्या परीक्षानळीतल्या जोडणीचे गणिती रूप वापरून ते ७० टक्क्यांची सीमा तपासते. एकही टाइप स्ट्रेन ती सीमा ओलांडत नसेल, तर आपल्याला दिसला तसा 'नवी जाती असण्याची शक्यता' हा शेरा मिळतो. तेव्हा जीटीडीबी आणि टीवायजीएस यांनी आपल्याला वस्तुतः एकच गोष्ट सांगितली आहे.

राहिले एनसीबीआय, म्हणजे अमेरिकेतील सरकारी जैवमाहिती केंद्र. तेथील जनुकसंचावरचे नाव प्रायः तो जमा करणाऱ्याने दिलेले असते. एनसीबीआय अलीकडे टाइप स्ट्रेनच्या जनुकसंचांशी एएनआय ताडून चुकीची नावे शोधते, पण नामकरणाच्या बाबतीत आपण अधिकृत आधार नाही, असे ती संस्था स्वतःच सांगते. पुटिडाच्या नावावर तर फारच काही खपले आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत 'स्यूडोमोनास पुटिडा' म्हणून वापरला जाणारा केटी२४४० हा प्रसिद्ध वाण जनुकसंचाच्या तुलनेत पुटिडाच्या टाइप स्ट्रेनपासून जातीच्या सीमेपलीकडे जातो, आणि २०१९ साली त्याच्यासाठी 'स्यूडोमोनास अलोपुटिडा' हे नाव सुचवले गेले. ज्या वाणावर शेकड्यांनी शोधनिबंध आहेत त्याची ही कथा, तर आपल्या सर्वांत जवळच्या जुळणीवरील नावावर किती विसंबायचे ते आपणच ठरवावे.

आपण ज्याचा उल्लेख केला नाही असे आणखी एक संकेतस्थळ आहे आणि नावाचा प्रश्न खरे तर त्यालाच विचारायचा असतो : एलपीएसएन. फ्रान्समधील झाँ युझेबी यांनी १९९७ साली एकट्याने सुरू केलेली ही नामसूची आता डीएसएमझेड सांभाळते. कोणते नाव विधिवत प्रसिद्ध झाले, कोणते कोणाचे समानार्थी आहे, टाइप स्ट्रेन कोणत्या संग्रहात कोणत्या क्रमांकाने आहे, हे सर्व तेथे प्रत्येक नावाच्या पानावर मिळते. एलपीएसएन हे नावाचे राजपत्र आणि जीटीडीबी ही वंशावळ, असे समजल्यास गोंधळ होणार नाही. वंशावळीत नाते बदलले म्हणून राजपत्रातले नाव आपोआप बदलत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. सर्वप्रथम जनुकसंच चेकएम या साधनातून काढून त्याची पूर्णता आणि भेसळ तपासावी. मातीतल्या संवर्धात दुसरा जिवाणू मिसळलेला राहणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि भेसळ असलेल्या जनुकसंचाला कोणताही डेटाबेस विचारला तरी उत्तर व्यर्थ असते. टीवायजीएसच्या तक्त्यात तीन सूत्रांची उत्तरे दिलेली असतात. आपला जनुकसंच तुकड्यांत असेल तर 'डी-फोर' या सूत्राचा आकडा घ्यावा, कारण तो जनुकसंचाच्या लांबीवर अवलंबून नसतो. नंतर जवळच्या टाइप स्ट्रेनशी एएनआय काढून आकडा नोंदवावा. तो ९४ ते ९६ च्या मध्ये पडला तर 'सीमेवर' असेच लिहावे, ओढूनताणून निर्णय देऊ नये. आणि प्रबंधात 'स्यूडोमोनास एसपी.' या नावापुढे आपला वाण क्रमांक द्यावा; पुढच्या वाक्यात जीटीडीबीच्या अमुक आवृत्तीनुसार तो कोणत्या जातिसमूहात पडतो ते सांगावे. 'स्यूडोमोनास_ई' हे नाव शीर्षकात घालू नये, कारण त्याला नामकरणाच्या संहितेत काहीही स्थान नाही. केवळ १६एसच्या जोरावर 'पुटिडा' लिहिणे तर आता कोणत्याही परीक्षकाने मान्य करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी अनेक वर्षे घेत असलेल्या प्रोबायोटिक पुडीवर पूर्वी 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' असे छापलेले असे. आता 'लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' आहे. कंपनीने आतला जिवाणू बदलला काय? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही, नाव मात्र खरोखरच बदलले आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅक्टोबॅसिलस प्रजातीतील २६१ जातींचे जनुकसंच तपासण्यात आले. त्यांतील परस्पर अंतर एका प्रजातीत मावण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांची २५ प्रजातींत विभागणी झाली आणि त्यांपैकी २३ प्रजाती नव्याने स्थापन करण्यात आल्या. केसाय, पॅराकेसाय आणि ऱ्हॅम्नोसस लॅक्टिकेसीबॅसिलसमध्ये गेल्या, प्लँटारम लॅक्टिप्लँटिबॅसिलसमध्ये, तर फर्मेंटम आणि रॉयटेराय लिमोसिलॅक्टोबॅसिलसमध्ये. अ‍ॅसिडोफिलस आणि योगर्टमधला बल्गेरिकस मात्र लॅक्टोबॅसिलसच राहिले. हे नामांतर करणाऱ्यांनी एक व्यवहारी काळजी घेतली : या जातींच्या नव्या प्रजातिनामांचे आद्याक्षर 'एल'च ठेवले, त्यामुळे संक्षेपाने लिहिलेली नावे पूर्वीसारखीच राहिली.

पुडी घेताना जातीच्या नावानंतर येणारा वाणाचा संकेत पाहावा, उदाहरणार्थ ऱ्हॅम्नोससपुढील 'जीजी'. आरोग्यविषयक चाचण्या विशिष्ट वाणावर झालेल्या असतात. तो संकेत पूर्वीचाच असेल तर वाण तोच आहे, आणि संकेत मुळीच छापलेला नसेल तर चौकशी करण्याचे कारण नामांतरापेक्षा तेच अधिक मोठे आहे.

प्रश्न : आमची पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आहे. नवनव्या नावांमुळे डॉक्टरांचे फोन येतात. जनुकसंचानुसार शिगेला हा इ. कोलायच असेल तर अहवालात तसे लिहायचे काय? आणि नवे नाव स्वीकारणे बंधनकारक आहे काय? (पॅथॉलॉजिस्ट, नांदेड)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याविषयी सुशिक्षित वर्तुळातही गैरसमज आहे. जिवाणूंच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, पण जिवाणूंचे 'अधिकृत वर्गीकरण' असे जगात काहीही नाही. संहिता नाव योग्य रीतीने दिले गेले की नाही एवढेच पाहते. ती जाती कोणत्या प्रजातीत घालावी हे शास्त्रीय मत असते आणि दोन मते एकाच वेळी वैध असू शकतात. क्षयरोगाचा जिवाणू ज्या प्रजातीत येतो त्या मायकोबॅक्टेरियमचे उदाहरण ताजे आहे. २०१८ साली जनुकसंचांच्या आधारे त्याचे पाच प्रजातींत विभाजन सुचवले गेले आणि अ‍ॅब्सेसस या जातीला मायकोबॅक्टेरॉइडिस हे प्रजातिनाम मिळाले. क्षयरोग क्षेत्रातील अनेक तज्ज्ञांनी त्यास विरोध केला, २०२१ साली दुसऱ्या एका गटाने जनुकसंचांच्याच आधारे मायकोबॅक्टेरियम पुन्हा अखंड ठेवावे असे मांडले, आणि जीटीडीबीही ते अखंडच ठेवते. दोन्ही नावे विधिवत प्रसिद्ध आहेत, त्यामुळे कोणतेही लिहिले तरी नियमभंग होत नाही.

शिगेलाविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. शिगेलाच्या जाती इ. कोलायच्या वंशवृक्षात वेगवेगळ्या ठिकाणी उगवलेल्या शाखा आहेत. पेशींत शिरण्याची जनुके वाहणारा प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा छोटा गोल तुकडा) स्वतंत्रपणे मिळवून त्या आमांशकारक झाल्या. एएनआयने त्या इ. कोलायच्या जातिसीमेत येतात आणि जीटीडीबी त्यांना तेथेच ठेवते. तरीही अहवालात 'इ. कोलाय' लिहिले तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्यातून रक्ती आमांश कळणार नाही आणि साथीच्या नोंदीही बिघडतील, म्हणून रुग्णालयीन व्यवहारात शिगेला हे नाव राखले आहे आणि ते राखलेच पाहिजे. संहितेलाही ही काळजी परकी नाही. प्लेगचा यर्सिनिया पेस्टिस हा यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिसचाच एक अलीकडचा फाटा आहे, हे डीएनएच्या तुलनेवरून कळल्यानंतर त्याला त्या जातीची उपजाती करण्यात आले होते. परंतु अशा नावामुळे जिवावर बेतू शकते या कारणास्तव नामकरणाचे वाद सोडवणाऱ्या न्यायिक आयोगाने १९८५ साली ते उपजातिनाम फेटाळले. १८९६-९७ ची प्लेगची साथ ज्या मुंबई-पुण्याने पाहिली, तेथील वाचकांना हा निर्णय अतिसावध वाटू नये.

जेथे नामांतराला वाद नाही, तेथे ते स्वीकारावे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल २०१६ पासून क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल झाला आणि एंटेरोबॅक्टर एरोजेनिस २०१७ मध्ये क्लेब्सिएला एरोजेनिस झाला. अशा वेळी नवे नाव लिहून कंसात जुने द्यावे, आणि ही प्रथा दोनतीन वर्षे तरी चालू ठेवावी. डॉक्टरांचे फोन त्यानेच कमी होतील. जिवाणू ओळखणाऱ्या आपल्या यंत्रात नावांची जी सूची भरलेली असते तिची आवृत्ती मात्र एकदा तपासून पाहावी, कारण ती डेटाबेसांच्या मागे राहिलेली असते आणि दोन प्रयोगशाळांच्या अहवालांतील फरकाचे कारण पुष्कळदा तेच निघते.

प्रश्न : कापसावर आम्ही बीटी पावडर फवारतो. हा जिवाणू आणि गुरांना होणाऱ्या काळपुळीचा जिवाणू जवळजवळ एकच, असे वाचण्यात आले. हे खरे असेल तर फवारणी सुरक्षित आहे काय? (शेतकरी, यवतमाळ)

उत्तर : दोघे जवळचे नातलग आहेत, पण फवारणीचा जिवाणू काळपुळी करू शकत नाही. बॅसिलस सिरिअस, बॅसिलस थुरिंजिएन्सिस म्हणजे आपला बीटी, आणि काळपुळीचा बॅसिलस अँथ्रॅसिस हे एका घनिष्ठ गटातले असून १६एस जनुकावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत. बीटीची ओळख ज्यावरून ठरली ती अळीनाशक स्फटिक-प्रथिने प्रायः प्लाझ्मिडवरील जनुकांतून येतात. काळपुळीचे विष आणि जिवाणूभोवतीचे कवच यांची जनुके त्या जिवाणूच्या दोन वेगळ्या प्लाझ्मिडांवर असतात. जनुकसंचावर आधारलेले वर्गीकरण मुख्यतः गुणसूत्रावरच्या साम्याकडे पाहते, म्हणून येथे त्याची पंचाईत होते : शेतकऱ्याला आणि डॉक्टरला जो गुण महत्त्वाचा, तो वंशवृक्षावर दिसतच नाही. यावर २०२० साली एका अभ्यासगटाने असा तोडगा सुचवला, की जाती जनुकसंचावरून ठरवावी आणि अळीनाशक किंवा काळपुळीकारक हा गुण 'बायोव्हार' म्हणून नावापुढे स्वतंत्रपणे जोडावा. हा तोडगा आम्हाला पटतो, कारण त्यात नाते आणि गुण या दोहोंची सरमिसळ होत नाही.

भारतात २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसाच्या झाडात मात्र जिवाणू नसतो. त्यात त्या जिवाणूचे स्फटिक-प्रथिनाचे जनुक तेवढे घातलेले असते.

प्रश्न : लोणारच्या सरोवरातील पाण्यात नवे जिवाणू सापडतात असे ऐकतो. आमच्या महाविद्यालयाने पाण्यातील सगळा डीएनए एकत्र वाचून त्यातून दोन अनोळखी जिवाणूंचे जनुकसंच जुळवले आहेत, पण हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाहीत. त्यांना नावे देता येतील काय? (प्राध्यापक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : होय, पण कोणत्या संहितेखाली नाव देता हे आधी ठरवावे लागेल.

जुन्या मार्गाची गोष्ट आधी. जिवाणूंच्या नावांचा पसारा एवढा वाढला होता, की १ जानेवारी १९८० रोजी एक मान्य सूची जाहीर करून पूर्वीचे सारे बाजूला ठेवले गेले. त्या सूचीत दोन हजारांहून थोडीच अधिक नावे उरली. त्यानंतरचे नवे नाव वैध होण्यासाठी ते आयजेएसईएम या नियतकालिकात प्रसिद्ध व्हावे लागते किंवा अन्यत्र प्रसिद्ध होऊन त्याच्या सूचीत यावे लागते. २००१ पासून टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत, कोणालाही मागता येईल अशा रीतीने, ठेवण्याचेही बंधन आहे. लोणारचे जिवाणू याच मार्गाने गेले : २०१० साली इंडिबॅक्टर अल्कलिफिलस आणि २०१२ साली सेसेंबिया लोनारेन्सिस, ज्यातील प्रजातिनाम हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या आद्याक्षरांवरून घेतले आहे. आपल्याकडे कोणी वाढणारा वाण घेऊन आले, तर पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र जवळच आहे. दुसरी प्रत परदेशी संग्रहात पाठवताना २००२ च्या जैवविविधता कायद्याची प्रक्रिया पाळावी लागते, तिला वेळ लागतो, आणि निबंध लिहून झाल्यावर ती सुरू करणे म्हणजे उशीर ओढवून घेणे होय.

आपले जिवाणू वाढत नाहीत, त्यामुळे हा मार्ग आपल्याला बंद आहे. डीएनए-क्रमालाच 'टाइप' मानावे असा प्रस्ताव संबंधित आंतरराष्ट्रीय समितीपुढे आला होता, पण २०२० साली तो फेटाळला गेला. न वाढणाऱ्या जिवाणूंना 'कँडिडेटस' असे उपपद लावून नाव देता येते, परंतु तेव्हा त्याला संहितेत अग्रक्रमाचा हक्क मिळत नव्हता. पुढे दुसऱ्या कोणी त्याच जिवाणूला वेगळे नाव दिले तर तक्रार चालत नसे. म्हणून २०२२ साली काही शास्त्रज्ञांनी सीक्कोड ही स्वतंत्र संहिता आणि तिची ऑनलाइन नोंदवही सुरू केली. तीत उत्तम प्रतीचा, सर्वांसाठी खुला केलेला जनुकसंच हाच नावाचा आधार असतो. उत्तम प्रत म्हणजे साधारणतः ९० टक्क्यांहून अधिक पूर्णता आणि ५ टक्क्यांहून कमी भेसळ.

दोन संहिता एकाच वेळी नांदणे हे काही आदर्श नव्हे, आणि जुन्या संहितेचे कैवारी याबद्दल नाराज आहेत. त्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे : संग्रहातला जिवंत वाण कोणीही मागवून पुन्हा तपासू शकतो, संगणकात जुळवलेला जनुकसंच मात्र दोन जिवाणूंच्या तुकड्यांची गोधडी असू शकतो. दुसऱ्या बाजूला जीटीडीबीचे आकडे पाहा. २०२३ च्या २१४ क्रमांकाच्या आवृत्तीत ४,०२,७०९ जनुकसंच ८५,२०५ जातिसमूहांत मांडलेले होते. २०२४ च्या २२० क्रमांकाच्या आवृत्तीत ५,९६,८५९ जनुकसंच आणि १,१३,१०४ जातिसमूह झाले. विधिवत नाव मिळालेल्या जाती याच्या एका अंशाइतक्याच आहेत. उरलेल्या सर्वांना आकड्यांनीच हाक मारत राहणे परवडणारे नाही, आणि म्हणून आमचा कौल, थोडा बिचकत का होईना, सीक्कोडच्या बाजूला आहे. आपल्या दोन जनुकसंचांची प्रत वरील मापात बसत असेल तर नोंदवहीत नाव सुचवावे. बसत नसेल तर खोलवर वाचन करून आधी प्रत सुधारावी, आणि जमल्यास त्या जनुकसंचावरून जिवाणूला कोणते अन्न लागत असावे याचा अंदाज घेऊन त्याला वाढवण्याचा आणखी एक प्रयत्न करावा.

प्रश्न : ही सर्व संकेतस्थळे विनामूल्य आहेत काय? साध्या संगणकावर काम होते काय? आणि गेल्या वर्षी काढलेले उत्तर यंदा बदलले, तर कोणते खरे मानावे? (संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जीटीडीबी, टीवायजीएस, एलपीएसएन आणि एनसीबीआय ही चारही स्थळे शैक्षणिक कामासाठी विनामूल्य पाहता येतात. टीवायजीएसवर जनुकसंचाची फास्टा फाइल (डीएनएच्या अक्षरांची साधी मजकूर-फाइल) चढवली की गणित तेथील संगणकांवर होते आणि उत्तराचा दुवा ई-मेलने येतो, त्यामुळे साधा संगणक पुरतो. जीटीडीबीशी तुलना करणारे जीटीडीबी-टीके हे साधन स्वतःकडे चालवायचे असेल तर मात्र दहापाच गिगाबाइट मेमरीत भागत नाही. विद्यापीठाचा सर्व्हर वापरावा किंवा केबेससारख्या खुल्या ऑनलाइन सुविधेवर ते चालवावे.

उत्तर बदलले असेल तर दोन्ही त्या त्या आवृत्तीपुरती खरी असतात. नवे जनुकसंच येतात, जातिसमूह विभागले किंवा जोडले जातात, तात्पुरत्या नावांच्या जागी विधिवत नावे येतात. वरच्या स्तरावरही हे घडते : २०२१ साली संघांची (फायलमची) नावे विधिवत प्रसिद्ध झाली, तेव्हा फर्मिक्यूट्सचे बॅसिलोटा आणि प्रोटिओबॅक्टेरियाचे स्यूडोमोनाडोटा झाले, आणि एनसीबीआयने ती २०२३ च्या आरंभी स्वीकारली. आपल्या आतड्यातील जिवाणूंवरचा २०२२ मधला तक्ता आणि २०२४ मधला तक्ता शेजारी ठेवले तर काही संघ नाहीसे झाले आणि काही नवे आले असे वाटेल, प्रत्यक्षात जिवाणू तेच असतील. म्हणून प्रत्येक तक्त्याखाली डेटाबेसचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, साधनाची आवृत्ती आणि शोध घेतल्याची तारीख लिहावी, आणि मूळ जनुकसंचाची फाइल जपून ठेवावी, म्हणजे दोन वर्षांच्या निकालांची तुलना करायची वेळ आली तर जुने जनुकसंचही नव्या आवृत्तीवर पुन्हा चालवता येतील.